‘ध’चा ‘मा’ आणि यंत्राचे शिक्कामोर्तब

कात्रज म्हटले की जुन्या पुणेकरांना दोन गोष्टी आठवतात, एक पाणी आणि दुसरी पलिते. आजच्या पुणेकराला प्राणिसंग्रहालय, दूध आणि वाहनांची कोंडी आठवते, पण त्या तिन्हींशी आपल्याला आज कर्तव्य नाही.

पाण्याची हकीकत अशी. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला बांध घालून पाणी अडविण्यात आले. वरच्या तळ्यात गाळ बसावा, निवळलेले पाणी खालच्या तळ्यात यावे, आणि तेथून माणूस आत उभा राहून चालू शकेल एवढ्या दगडी नळातून, केवळ उताराच्या बळावर, ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठापेठांतील हौदांपर्यंत जावे, अशी ती योजना होती. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. त्यांतून हवा सुटे आणि उरलासुरला गाळ तळाशी बसे. हे काम ज्यांनी केले त्यांच्या हाती आजची उपकरणे नव्हती, आणि तरीही त्यांचा उतार चुकला नाही.

आता अशी कल्पना करा की शहरातल्या एका हौदावर कोणी फार चोख पहारा बसविला आहे. घागर कोण भरतो, हात कोण बुडवितो, सारे पाहिले जात आहे. पण कोणी कात्रजच्या तळ्यातच काही मिसळले तर हा पहारेकरी काय करणार? त्याच्या हौदात येणारे पाणी तेच, आणि तहान लागली म्हणजे तो स्वतः पितो तेही पाणी तेच! उगम बिघडला की पुढच्या सगळ्या पहाऱ्यांची किंमत शून्य होते. आपल्या घरोघरी, कचेऱ्यांत आणि बँकांत जी संगणक यंत्रे आली आहेत, त्यांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण चाळीसएक वर्षे शास्त्रज्ञांना छळीत आली. तिच्यावर काढलेल्या उपायाचा इतिहास हा आजचा विषय आहे.

पलित्यांची कथा परंपरेची आहे, दफ्तरातली नव्हे. शायिस्तेखानावरील छाप्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडास पोहोचले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ५ एप्रिल १६६३च्या रात्रीचा लाल महालावरचा छापा मात्र निखळ इतिहास आहे, आणि आपल्या विषयाला तोच अधिक उपयोगी आहे. छावणीत शिरताना हटकले गेले तेव्हा ‘आम्ही बादशाही चाकरीतलेच दख्खनी शिपाई, नेमल्या जागी चाललो आहोत’ अशा अर्थाचे उत्तर देऊन ही मंडळी आत गेली, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. खाफीखान आणखी एक गोष्ट सांगतो. आत शिरलेल्यांपैकी काही जण थेट नगारखान्यात गेले आणि त्यांनी खानाच्या नावाने नगारे वाजविण्याचा हुकूम दिला. वाजविणाऱ्यांनी तो मानला. मग आतला आरडाओरडा कोणाला ऐकू येणार?

येथे आपली सहानुभूती आत शिरणाऱ्यांकडे आहे हे उघडच आहे. पण पहाऱ्याची विद्या शिकावयाची तर क्षणभर खानाच्या देवडीवर उभे राहावयास हवे. पहारेकऱ्याने मनुष्याचे म्हणणे ऐकले, त्याची रुजवात घेतली नाही. नगारेवाल्याने हुकूम ऐकला, तो कोणाचा हे विचारले नाही. आणि एकदा नगाराच शत्रूच्या हाती गेल्यावर छावणीचे कानच गेले.

यंत्र सुरू होताना काय घडते ते आता पाहू. कळ दाबली की यंत्राच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, त्या क्षणी काहीही ठाऊक नसते. त्याला एवढेच शिकविलेले असते की अमुक एका ठरलेल्या पत्त्यावर जा आणि तेथे जे लिहिले असेल ते कर. त्या पत्त्यावर यंत्राच्या कारखानदाराने कोरून ठेवलेला छोटा कार्यक्रम असतो, त्यास फर्मवेअर म्हणतात. तो तबकडीवरच्या एका वाटाड्याला उठवितो. वाटाड्या त्या यंत्राच्या कारभाराचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याला स्मृतीत आणून बसवितो. (हा कर्नेल पलटणीतला नव्हे, तथापि हुकमत त्याची तशीच चालते.) मग कर्नेल बाकीच्या चाकरांना कामाला लावतो. या साऱ्या उठाठेवीला ‘बूट होणे’ असे नाव आहे. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला जागी करते आणि आपली सत्ता तिच्या हवाली करून बाजूला होते. म्हणजे हा कात्रजचा नळच झाला. वरच्या टप्प्यात जो शिरला, त्याच्या खालचे सगळे त्याचे.

विषाणू शोधणारे जे कार्यक्रम आपण विकत घेतो ते बिचारे हौदावरचे पहारेकरी होत. ते कर्नेलला विचारतात, ‘तबकडीवर काय आहे?’ आणि कर्नेल सांगेल ते खरे मानतात. कर्नेलच्या आधी कोणी घुसले असेल तर कर्नेलही त्याचा आणि नगाराही त्याचा.

हे भय कल्पनेतले नव्हते. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लवचीक तबकडीच्या अगदी पहिल्या कप्प्यात, यंत्र सुरू होताना जो प्रथम वाचला जातो त्यातच, जाऊन बसत असे. गंमत अशी की त्यांनी त्यात स्वतःचे नाव आणि पत्ता घातला होता! त्या पिढीच्या चोरांत एवढा सभ्यपणा होता. १९९९च्या २६ एप्रिलला तैवानात जन्मलेल्या ‘सीआयएच’ विषाणूने मात्र जगभर हाहाकार उडविला. तो फर्मवेअरच पुसून टाकी. कळ दाबावी आणि पडद्यावर काही म्हणजे काही उमटू नये, अशी त्या यंत्रांची दशा झाली.

मधल्या काळात विचारवंत स्वस्थ बसले नव्हते. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८३ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना एक छोटे भाषण केले. कार्यक्रमाची मूळ संहिता तुम्ही ओळीनओळ तपासली तरी ती यंत्रभाषेत उतरविणारा भाषांतरकारच लबाड असला तर तुम्ही फसणार, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष कृतीने दाखविले. यंत्राच्या जगात विश्वास कोठून सुरू करावयाचा, हा प्रश्न त्या भाषणाने उभा केला. १९९७ साली विल्यम आर्बॉ आणि त्यांचे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील सहकारी यांनी त्याला एक रेखीव उत्तर दिले. प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीला उठविण्यापूर्वी तिची मुद्रा पाहावी, मुद्रा खोटी निघाली तर तिला उठवू नये, आणि सर्वांत पहिली पायरी अशा जागी ठेवावी की तिला कोणी हात लावू शकणार नाही.

मुद्रा! हा शब्द आला की महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला परकेपणा वाटावयास नको. पेशवे दफ्तरातील कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे की जुन्या कारभारात कागद नुसता लिहून सुटत नसे. वर शिक्का, शेवटी ‘येथे लेखन संपले’ हे सांगणारी मर्यादेची छोटी मुद्रा, म्हणजे खाली कोणी चार ओळी घुसडू नयेत. कागद जोडून लांब केला असेल तर पाठीमागे जोडावरही शिक्का, म्हणजे मधले एखादे पान काढून दुसरे चिकटविता येऊ नये. पाठीवर निरनिराळ्या दफ्तरांत तो रुजू झाल्याचे शेरे. या प्रत्येक रिवाजामागे कधीतरी कोणीतरी केलेली एखादी लबाडी असणार, असा माझा तर्क आहे. कारकून उगीच कामे वाढवून घेत नाहीत.

एवढे करूनही एक भोक राहिले, आणि ते पुण्याच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रघुनाथरावांच्या आज्ञेत ‘नारायणरावास धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी आख्यायिका आहे. तिच्या मागे दाखविण्यासारखा अस्सल कागद नाही, म्हणून जाणते अभ्यासक तिला इतिहास म्हणत नाहीत; आणि एका बाईच्या माथी सगळे खापर फोडण्याची सोय तिने किती जणांची केली, हेही पाहण्यासारखे आहे. परंतु आख्यायिकेत एक तांत्रिक सत्य आहे. शिक्का खरा, हस्ताक्षर खरे, माणूस खरा, आणि तरीही मजकूर खोटा! शिक्का कागदावर असतो, अक्षरावर नसतो. अक्षर बदलले तरी शिक्क्याला त्याची दाद नसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणित्यांनी जी मुद्रा घडविली तिने हे भोक बुजविले. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग मजकुराचा ठसा. कोणताही मजकूर, मग तो एका ओळीचा असो की कोट्यवधी ओळींच्या कर्नेलचा असो, एका ठरलेल्या रीतीने दळून त्याचा नेहमी सारख्याच लांबीचा एक आकडा काढतात. आज सर्रास चालणाऱ्या रीतीत तो २५६ द्व्यंकांचा असतो. या दळणाचा गुण असा की मूळ मजकुरात एक अक्षर बदलले, ‘ध’च्या जागी ‘मा’ आला, की त्या २५६ अंकांपैकी साधारण निम्मे उलटतात. आणि हवा तो ठसा येईल असा दुसरा मजकूर शोधून काढणे आजच्या साऱ्या यंत्रांना मिळूनही साधत नाही.

दुसरा भाग किल्ल्यांचा. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी एक विलक्षण कल्पना प्रसिद्ध केली. किल्ल्यांची जोडी असावी, त्यांतली एक मालकाने गुप्त ठेवावी, दुसरी जगजाहीर करावी. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मोठमोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर ती प्रत्यक्षात आणली. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण शेकडो अंकी गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकणे महाकठीण, या साध्या विषमतेवर सगळे उभे आहे. मजकुराच्या ठशावर गुप्त किल्लीने केलेली क्रिया म्हणजे सही. ती खरी की खोटी हे जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते, पण जाहीर किल्लीने सही करता येत नाही. जुना शिक्का सगळ्या कागदांवर एकसारखाच उमटे, म्हणून एका कागदावरून उचलून दुसऱ्यावर उतरविता येई. ही सही प्रत्येक मजकुराला निराळी पडते.

आपल्यातील पुष्कळांनी ही सही घरी आणलेली आहे. २०१८पासून आपल्या राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तो याच गणितावर चालतो. त्याची साखळी कशी आहे पाहा. संसदेने २००० साली माहिती तंत्रज्ञानाचा कायदा केला, त्याने एक नियंत्रक नेमला, नियंत्रक काही संस्थांना प्रमाणपत्रे देण्याचा परवाना देतो, त्या संस्था अधिकाऱ्याच्या किल्लीची ग्वाही देतात, आणि अधिकारी उताऱ्यावर सही करतो. साखळीच्या मुळाशी कायदा आहे, आणि कायद्याच्या मुळाशी तुम्ही-आम्ही दिलेली मते आहेत. हे ध्यानात ठेवा, कारण संगणकाच्या दाराशी जी साखळी आहे तिचे मूळ निराळ्या ठिकाणी आहे, आणि भांडण तेथेच आहे.

यंत्राचे फर्मवेअर कसे असावे हे ठरविण्यासाठी कारखानदारांचा एक संघ आहे. त्याच्या यूईएफआय या प्रमाणग्रंथाच्या २०११च्या आवृत्तीत ‘सिक्युअर बूट’, म्हणजे पडताळून सुरू होण्याची रीत, आजच्या रूपात आली. यंत्रात चार याद्या असावयाच्या. एक कारखानदाराची आद्य किल्ली. दुसरी, बाकीच्या याद्या बदलण्याचा अधिकार असणाऱ्यांच्या किल्ल्यांची. तिसरी, ज्यांची सही मान्य करावयाची त्यांची. आणि चौथी बाद ठरलेल्यांची, म्हणजे काळी यादी. कागदावर हे सर्व निःपक्षपाती होते. पण त्याच सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केले की २०१२ साली येणाऱ्या विंडोज ८चे बोधचिन्ह ज्या यंत्रांना हवे असेल त्यांत ही रीत चालू स्थितीत असलीच पाहिजे. झाले! जगातील बहुतेक कारखानदारांनी आपल्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टची किल्ली घातली आणि दुसऱ्या फारशा कोणाची घातली नाही.

लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांत यामुळे खळबळ उडणे साहजिकच होते. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला हा कर्नेल कोणा एकाच्या मालकीचा नाही. तो कोणीही उतरवून घ्यावा, हवा तसा बदलावा, स्वतः घडवावा आणि चालवावा. आता दारावरचा पहारेकरी विचारणार की सही कोणाची? रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांनी सप्टेंबर २०११मध्ये या धोक्याकडे जाहीरपणे लक्ष वेधले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्या शरद ऋतूत निषेधाची मोहीम काढली. याच दिवसांत, नोव्हेंबर २०११मध्ये, शिवाजीनगरच्या आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फेडोरा या लिनक्स-परिवाराच्या कार्यकर्त्यांचे संमेलन भरले होते. तेव्हा हा वाद पुण्याला परका होता असे कोणी समजू नये. रेड हॅटची मोठी कचेरी या शहरात आहे, आणि गावोगावच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी लिनक्सवर हात साफ करून नोकऱ्या मिळविल्या आहेत.

तडजोड निघाली ती मोठी मासलेवाईक होती. साध्या संगणकांवर ही रीत बंद करण्याची आणि स्वतःच्या किल्ल्या घालण्याची मोकळीक मालकास असलीच पाहिजे, असे विंडोज ८च्या अटींत आले. एआरएम जातीच्या यंत्रांवर मात्र तीच मोकळीक देण्यास मनाई झाली. पुढे २०१५च्या विंडोज १०पासून बंद करण्याची मुभा ठेवावी की नाही हे कारखानदाराच्या मर्जीवर सोडले गेले. लिनक्सवाल्यांनी ‘शिम’ नावाचा एक चिमुकला कार्यक्रम लिहिला. सुतारकामात फट बुजविण्यासाठी पाचर मारतात, तसा हा. मायक्रोसॉफ्टकडून सही घ्यावयाची ती एवढ्या पाचरीवर, आणि पाचरीच्या पोटात फेडोरा, उबुंटू, सुसे यांनी आपापली किल्ली ठेवावयाची. सही मिळविण्याच्या सोयीसाठी फेडोराला ९९ डॉलर भरावे लागले. रक्कम क्षुल्लक होती. स्वतःचे दार उघडण्यासाठी शेजाऱ्याकडे किल्ली मागावयास जाणे क्षुल्लक नव्हते, आणि पुष्कळ भल्या माणसांना ते झोंबले. मला विचाराल तर मीही त्यांच्यातलाच. पण घरात चोर शिरत असता दाराच्या मालकीवर वाद घालीत बसावे, हेही मला पटत नाही.

फेडोराचा किंवा उबुंटूचा आयता कर्नेल वापरणाऱ्याचे काम यामुळे भागले. पण स्वतः कर्नेल घडविणाऱ्याचे काय? असे लोक हौशी असतात अशी एक समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. जुन्या उपकरणासाठी एखादा भाग जोडावयाचा असतो. यंत्रशाळेतील नियंत्रकाला क्षणाचाही विलंब चालत नाही, आणि त्यासाठीची तत्काळ उत्तर देण्याची सोय लिनक्सच्या मुख्य संहितेत पूर्णपणे आली ती २०२४च्या अखेरीस. तोवर ठिगळे लावून कर्नेल स्वतःच घडवावा लागे. प्रयोगशाळेतील संशोधक तर रोज नवा कर्नेल घडवितात. अशा माणसाने तीन कोटींहून अधिक ओळींची ती संहिता घेतली, एक ओळ बदलली आणि कर्नेल पुन्हा घडविला, की ठसा बदलला. फेडोराची सही त्याला लागू होत नाही. यंत्र पुन्हा सुरू केले की पडद्यावर ‘सही खोटी’ अशा अर्थाची एक ओळ येते आणि सगळे थांबते. ‘ध’चा ‘मा’ झाला एवढेच पहारेकऱ्याला कळते. मालकाने सद्हेतूने केला की चोराने, हे त्याला कळण्याची सोय नाही.

यावर पुष्कळ जण जो उपाय करतात तो म्हणजे पहाराच उठवून टाकणे. तो एका कळीचा प्रश्न असतो. पण सुसेच्या मंडळींनी २०१२मध्ये एक अधिक चांगली वाट सुचविली आणि शिमने ती स्वीकारली. तिला यंत्रमालकाची किल्ली असे नाव आहे. मालकाने स्वतःच किल्ल्यांची एक जोडी घडवावी. नव्या कर्नेलवर आपल्या गुप्त किल्लीने सही करावी. कर्नेलमध्ये नंतर जोडले जाणारे जे सुटे भाग, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, त्यांवरही सही करावी. २०१२च्या अखेरीस आलेल्या ३.७ आवृत्तीपासून कर्नेल स्वतःच त्यांची मुद्रा तपासू शकतो. पुष्कळ जण हे विसरतात आणि कर्नेल सुरू झाला पण पडद्याचे चित्र किंवा जाळ्याची जोडणी का चालत नाही म्हणून रात्र जागवितात. नंतर जाहीर किल्ली यंत्रापुढे अर्जासारखी ठेवावी आणि एक तात्पुरता परवलीचा शब्द द्यावा.

पुढची पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. अर्ज लगेच मंजूर होत नाही. मंजूर किल्ल्यांची यादी यंत्राच्या ज्या कप्प्यात असते तो कर्नेल सुरू होण्यापूर्वीच उघडता येतो; एकदा कर्नेल गादीवर बसला की तो कप्पा त्यालाही बंद. म्हणून यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. तेव्हा एक निळा पडदा येतो आणि कोणतीही कळ दाबण्यास दहा सेकंद देतो. कळ दाबली, परवलीचा शब्द बरोबर दिला, होय म्हटले, तर किल्ली यादीत चढते. दुर्लक्ष केले तर अर्ज तसाच निकालात निघतो आणि यंत्र जुन्या वाटेने सुरू होते. याचा अर्थ असा की दूर देशातून तारेवरून आत शिरलेला चोर, त्याच्या हाती यंत्राची सर्व सत्ता आली तरी, ही किल्ली चढवू शकत नाही. त्यासाठी यंत्रापुढे हाडामांसाचा माणूस बसलेला असावा लागतो. लाल महालाच्या देवडीवर नेमके हेच झाले नाही.

तथापि या व्यवस्थेला अभेद्य म्हणण्याचा मोह टाळावा. शिक्का खरा असून घात झाल्याची उदाहरणे या थोड्या वर्षांतच पुष्कळ जमली आहेत.

शिक्काच चोरीस गेला तर? २०१०मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या विषाणूने इराणच्या अणुप्रकल्पातील यंत्रे बिघडविली. त्याच्या भागांवर तैवानातील दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या अस्सल सह्या होत्या, कारण त्यांच्या गुप्त किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या होत्या. आपला कर्नेल घडविणाऱ्यांतही बहुतेक जण गुप्त किल्ली त्याच यंत्राच्या तबकडीवर ठेवतात. शिक्का दौतीशेजारी ठेवून दिवाणखान्यास कुलूप लावल्यासारखे ते आहे. ज्याने यंत्र काबीज केले तो आपल्या कर्नेलवर तुमच्याच किल्लीने सही करील, आणि पहारेकरी त्यास मुजरा करील. किल्ली निराळ्या तबकडीवर किंवा तिच्यासाठीच बनविलेल्या छोट्या उपकरणात ठेवावी, आणि सही करण्यापुरती बाहेर काढावी.

कारखानदाराचाच निष्काळजीपणा असला तर? जुलै २०२४मध्ये असे उघड झाले की नामांकित कारखान्यांच्या शेकडो नमुन्यांच्या यंत्रांत आद्य किल्ली म्हणून चाचणीपुरती दिलेली किल्ली तशीच राहून गेली आहे. तिच्या नावातच ‘हिच्यावर विश्वास ठेवू नका’ अशा अर्थाची सूचना इंग्रजीत लिहिलेली होती! वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही, आणि तिची गुप्त जोडीदारीण उघड्यावर पडली होती.

आणि सही खरी, मजकूरही खरा, पण जुना असला तर? सर्वांत अवघड ठाणे हे आहे. सनद रद्द झाली तरी जुन्या कागदावरचा शिक्का पुसला जात नाही. २०२०च्या जुलैमध्ये ‘बूटहोल’ म्हणून गाजलेले छिद्र सापडले ते ग्रब या लिनक्सच्या वाटाड्यात. रीतसर सही झालेल्या त्याच्या अनेक प्रती जगभर पसरल्या होत्या, त्या सर्व काळ्या यादीत घालाव्या लागल्या. घाईने काढलेल्या दुरुस्तीमुळे काही ठिकाणची चांगली चालणारी यंत्रेच सुरू होईनाशी झाली. २०२३मध्ये ‘ब्लॅकलोटस’ने विंडोजच्या बाबतीत तेच केले: सही असलेला पण सदोष ठरलेला जुना वाटाड्या तो स्वतःबरोबर घेऊन येई आणि पहाऱ्यास तोच दाखवी. ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या वाटाड्यांना बाद करणारी सुधारणा पाठविली तेव्हा एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स नांदविणाऱ्या कित्येकांना सकाळी आपले लिनक्स दाराबाहेर उभे दिसले.

स्वतः कर्नेल घडविणाऱ्याने आणखी एक फट जाणून असावी. कर्नेलवर सही असते, मॉड्यूलवर सही असते, पण कर्नेलला प्रारंभी लागणाऱ्या साहित्याचे जे गाठोडे यंत्रावरच बांधले जाते, त्यावर नेहमीच्या रीतीत सही नसते. तबकडीपर्यंत हात पोहोचलेला चोर कर्नेलला न शिवता त्या गाठोड्यात आपला हस्तक बसवू शकतो. म्हणून अलीकडे कर्नेल, ते गाठोडे आणि सुरुवातीचे हुकूम ही सर्व एकाच पुडक्यात बांधून पुडक्यावर एकच सही करण्याची पद्धत रूढ होत आहे. कागदाच्या जोडावर पाठीमागून शिक्का मारणाऱ्या आपल्या जुन्या कारकुनांना हे समजावून सांगावे लागले नसते.

राहता राहिला मुळाचा प्रश्न. सातबाऱ्याच्या साखळीचे मूळ आपल्या संसदेच्या कायद्यात आहे, तर जगातील बहुसंख्य संगणकांच्या दाराशी असलेल्या साखळीचे मूळ अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कचेरीत आहे. ती कंपनी वाईट आहे असे मला म्हणावयाचे नाही, आणि तिने शिमवर सह्या केल्या हे नमूद करावयास हवे. पण दुसऱ्याच्या सौजन्यावर चालणारा अधिकार आणि स्वतःचा अधिकार यांत अंतर असते. या कंपनीच्या २०११च्या किल्ल्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून संपत जाते, आणि त्यांची जागा २०२३च्या किल्ल्या घेतात. मुदत संपली म्हणून चालू यंत्र एकाएकी बंद पडावयाचे नाही, कारण फर्मवेअर सहसा तारीख पाहत नाही. परंतु नव्या किल्लीनेच सही झालेली पाचर, नवी किल्ली न पोहोचलेल्या यंत्रावर उठणार नाही. ज्यांचे कारखानदार सुधारणा पाठविण्याचे थांबले आहेत, अशी यंत्रे आपल्या शाळांत, सहकारी पतपेढ्यांत आणि छोट्या कारखान्यांत भरपूर आहेत. त्यांच्यावर पहारा उठविण्याची किंवा जुन्या पाचरीवरच राहण्याची वेळ येईल. ज्यांनी फर्मवेअरमधील याद्यांत थेट स्वतःची किल्ली घातली आहे आणि आपल्या कर्नेलवर स्वतः सही केली आहे, त्यांना त्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. असे लोक आज मूठभर आहेत. ही विद्या दोन दिवसांत शिकता येते, आणि ती शिकविण्यास लागते ते एक जुने यंत्र, एक कोरी तबकडी आणि निळा पडदा आल्यावर दहा सेकंदांच्या आत कळ दाबणारा एक विद्यार्थी.